हिमनदीच्या वहीचं उजवं पान

बाबा अकोल्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. हिमनदीचा धडा मार्चमध्ये यायचा. शाळा सकाळची झालेली असायची, साडेदहाला वर्गावरचे पत्रे तापायला लागायचे, आणि पंखा असला तरी वीज असेलच असं नव्हतं. अशा वर्गात बाबा फळ्यावर हिमटोपी काढायचे. वर डोंगरमाथ्यावर पसरलेला बर्फाचा जाड थर, त्यातून दरीत उतरलेली एक लांब जीभ, जिभेच्या टोकाशी तळं. पाणी निळ्या खडूने, डोंगर तांबड्या, बर्फ पांढऱ्या. हिमोढ, हिमगव्हर, मेषशिला असले शब्द आम्ही घामेजलेल्या हातांनी वहीत उतरवून घ्यायचो आणि परीक्षा झाली की विसरून जायचो. बर्फ म्हणजे आमच्या लेखी रसवंतीवाल्याच्या पोत्यात गुंडाळलेली लादी.

नववीत मी त्यांच्याच वर्गात होते. शाळेत सर म्हणायचं आणि घरी बाबा, हा नियम त्यांनीच घातला होता. घरी ते वऱ्हाडी बोलायचे, वर्गात पुस्तकी. त्या दिवशी चित्र पुरं झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, तुम्ही पाहिलीय का हिमनदी?”

बाबांनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, “हो. पाहिली आहे.”

बाबांनी तोवर पाहिलेली सगळ्यात थंड जागा म्हणजे चिखलदरा. हे त्या वर्गात दोघांनाच माहीत होतं. मी मान खाली घातली आणि वहीतल्या हिमनदीची कड पेन्सिलने पुन्हा पुन्हा गिरवत बसले. मधल्या सुट्टीपर्यंत मुलांच्या बोलण्यात सर हिमालयात गेले होते आणि पुढच्या बॅचपर्यंत ते मिलिटरीच्या ट्रकमधून गेले होते. बाबांनी यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि काही खोडूनही काढलं नाही. मला त्यांचा फार राग आला होता. ते खोटं बोलले याचा तितका नाही. मला न विचारता त्यात सामील करून घेतलं याचा.

मी आता कॉर्कजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात काम करते. औषधं बनवत नाही. ती बनवणारी यंत्रं ठरल्याप्रमाणे चालतात की नाही हे तपासते आणि कागदावर आणते. डाव्या रकान्यात अपेक्षित, उजव्या रकान्यात प्रत्यक्ष. जुळलं तर सही. नाही जुळलं तर खाली कारण लिहायचं, आणि ते खरं कारण असावं लागतं. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख, म्हणजे चूक नंतर कुणालाही वाचता आली पाहिजे. लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही, असं आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. अशा कामात बरीच वर्षं काढली की माणूस घरच्यांना जरा नकोसा होतो. नवरा म्हणतो, तू भाजीतलं मीठसुद्धा तपासणी केल्यासारखं चाखतेस.

आई गेल्यापासून बाबा दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे येतात. कॉर्कमध्ये त्यांचं बरं जमलं. कपाटाला ‘प्रेस’ म्हणायला ते नातीकडून शिकले, शेजाऱ्याशी पावसाबद्दल बोलायला आपले आपण शिकले, आणि पोह्यांपासून बसच्या वेळेपर्यंत सगळ्याला ‘ग्रँड’ म्हणायला लागले. नात अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर कॉर्कच्या इंग्रजीत देते. दोघांचं कधी अडलं नाही.

गेल्या वर्षी आले तेव्हा माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघत होते. मला वाटलं, कानातलं बघतायत. मग कळलं की डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे; त्यात समोरचं, मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं राहतं. अकोल्याच्या आणि नागपूरच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, इंजेक्शनांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. लांबचं, मोठं असं अजून दिसत होतं. फोनवरची अक्षरं गेली होती. किती दिवस आहेत हातात, असं मी विचारलं, तर म्हणाले, “डॉक्टर म्हणते, एखादं वर्ष. पुढचं त्यालेही माहीत नाही.”

त्याच आठवड्यात मी आइसलंडची तीन तिकिटं काढली. नवऱ्याच्या कारखान्यात देखभालीसाठीच्या वार्षिक बंदची कामं होती, तो येणार नव्हता. बाबांना मी एवढंच सांगितलं की तिथे एका मोठ्या हिमटोपीतून हिमनदी उतरते आणि थेट तळ्यात जाते, तुमच्या फळ्यावर जायची तशीच. त्या मार्चमधल्या सकाळबद्दल आम्ही तीस वर्षांत एक अक्षर बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही. पण माझ्या डोक्यात तेच होतं. एकदा त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली की ते उत्तर खरं होईल, उशिरा का होईना, असं मला वाटत होतं. बाबा म्हणाले, “एवढ्या दूर काऊन बाप्पा?” आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही मागितली.

वहीची डावी पानं त्यांनी जाड मार्करने भरली. अक्षरं एवढी मोठी की एका पानावर चार ओळी. रंग: पांढरा, भेगांमध्ये निळसर. आवाज: वाहत्या पाण्यासारखा, सतत. काठ: हळूहळू पुढे सरकणारा. उजवी पानं कोरी. मी म्हटलं, हे तर आमच्या कंपनीतल्यासारखं झालं. ते म्हणाले, शाळेच्या प्रयोगवहीतही हेच असते, तुमच्या कंपनीनं काही नवं काढलं नाही.

निघायच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसने डब्लिनच्या विमानतळावर गेलो. बाबांनी नवीन कानटोपी घातली होती, ऑगस्टमध्ये, बसमध्ये. काउंटरवरच्या बाईने त्यांचा पासपोर्ट दोनदा चाळला आणि आइसलंडला चालणारा व्हिसा कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, हा काय. ती म्हणाली, हा आयर्लंडचा. मी म्हटलं, यांच्या असल्याच व्हिसावर आम्ही आदल्या वर्षी लंडनला जाऊन आलोय. त्यावर तिने समजुतीने सांगितलं की ते लंडन होतं.

तिचं बरोबर होतं. लंडन आणि डब्लिन यांचं आपसात जमतं, म्हणून आयर्लंडच्या व्हिसावर बाबांना तिथे जाता आलं होतं. आइसलंडचा कारभार युरोपातल्या इतर देशांबरोबर, त्यांचा व्हिसा निराळा, आणि बाबांना तो भारतातूनच काढून यायला हवा होता. मला आयरिश पासपोर्ट मिळून सहा वर्षं झाली होती. त्याआधीची सगळी वर्षं मी असेच कागद क्रमाने लावत काढली होती, आणि कुठे कुठला शिक्का लागतो हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. सहा वर्षं बिनशिक्क्याचं फिरले आणि शिक्का नावाची वस्तू असते हेच विसरले. इकडे आल्यावर जे कुणी विसरतं त्याला मी नावं ठेवत आले होते. लोकांचे कागद तपासायचा पगार घेते आणि बापाचा एक कागद पाहिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

परत जाऊ सगळेच, असं मी म्हटलं. म्हणताना मनात दुसरंही होतं. मुलीचा उतरलेला चेहरा होता, घेतलेली रजा होती, आणि ती हिमनदी मलाही बघायची होती. याची मला आजही लाज वाटते. मुलगी म्हणाली, “इज आजोबा नॉट कमिंग?” बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला वर्गातल्या आवाजात सांगितलं की कॉर्कची बस बाहेरूनच सुटते, ती मी सकाळी पाहून ठेवली आहे, जावईबापूंना फोन करून टाक. मग पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली.

“जाय तू. एकानं तं पाहिली पाहिजे. जे दिसन तेच लिहिजो.”

आम्ही त्यांना बसमध्ये बसवलं. ते खिडकीशी बसले आणि मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने आमच्याकडे बघत राहिले. मी हात हलवला. त्यांनी उशिराने हलवला, आणि तोही आमच्या जरा डावीकडे.

आइसलंडमध्ये दुसऱ्या दिवशी सहलीच्या बसने पाच तास प्रवास केला. हिमटोपी आधी दिसली. डोंगरांच्या डोक्यावरून एक पांढरी सपाट कड, मैलोनमैल, तव्यावर झाकण ठेवावं तशी. तिच्यातून जागोजाग जिभा खाली उतरलेल्या. इथवर बाबांचा फळा तंतोतंत होता आणि मला बरं वाटलं. मग आम्ही तळ्याच्या काठाशी उतरलो आणि मला पहिला विचार आला तो असा, की बसने आपल्याला चुकीच्या ठिकाणी आणलं.

समोर जी हिमनदी तळ्यात उतरली होती ती काळी होती. सगळी नाही; वर लांब पांढरट दिसत होती, पण जिथे ती पाण्याला टेकत होती तिथे राखेचे आणि खडीचे काळे पट्टे होते, डांबरी रस्ता खणून ठेवल्यासारखे. तळ्यात बर्फाचे मोठाले तुकडे तरंगत होते. त्यांतले काही मळकट, आणि एखादा नुकताच उलटलेला असला तर निळा, इतका निळा की मुलीला तो रंग दिल्यासारखा वाटला. आवाज नव्हता. बराच वेळ काहीच नाही, मग लांबून शेजारच्या खोलीत कुणी लोखंडी कपाट बंद करावं तसा एक आवाज, आणि पुन्हा काही नाही. काय पडलं ते दिसलं नाही.

आमच्या गाइडने सांगितलं की तिची आजी लहान होती तेव्हा हे तळं नव्हतं. आता आपण उभे आहोत त्याच्या जवळपास बर्फच होतं. मी विचारलं, हिमनदी तर पुढे येते ना. ती म्हणाली, येते, बर्फ रोज वरून खाली येतंच. पण खाली ते येण्यापेक्षा लवकर वितळतं, म्हणून काठ मागे जातो आणि त्याने सोडलेल्या खड्ड्यात पाणी साठतं. बाबांच्या चित्रात हिमनदी तळ्याकडे यायची. इथे ती तळं सोडून निघाली होती.

मी एका दगडावर बसले, हातमोजे काढले आणि उजवी पानं भरली. काळं पेन, मोठी अक्षरं, प्रत्येक पानाखाली सही आणि तारीख. रंगाच्या पानाशी थांबले. ‘पांढरट’ लिहिता आलं असतं. वरचा भाग तसा होताही, आणि बाबा स्वतः येऊन पडताळणार नव्हते. मुलगी खांद्यावरून बघत होती. तिला मराठी अक्षरं वाचता येत नव्हती, पण माझं पेन थांबलेलं तिला दिसत होतं. “जस्ट पुट ब्लॅक, मम,” ती म्हणाली. मी काळा लिहिलं.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली, विचार न करता. आमच्या शाळेच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, बाबाही त्यात आहेत. तिथे मी तळ्याचा फोटो टाकला. बाबाही बरोबर आहेत असं सगळ्यांनी धरलं आणि अर्ध्या तासात शुभेच्छांचा पाऊस पडला. सर दुसऱ्यांदा हिमनदीवर! सर, या वयात! कुणी तरी त्यांच्या मिलिटरी ट्रकची आठवण काढली. मी वाचलं आणि फोन खिशात ठेवला. खोडून काढलं नाही. त्या बाबतीत मी बापाचीच मुलगी.

कॉर्कला परतल्यावर रविवारी दुपारी, जेवणाची भांडी आवरून झाल्यावर, बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसले आणि वही वाच म्हणाले. मी डावं पान वाचायची, मग उजवं. आवाज जुळला नाही तेव्हा ते नुसतेच हं म्हणाले. काठाचं मी त्यांना गाइडने सांगितलं तसं समजावलं. ते त्यांना आवडलं, दोनदा ऐकलं, आणि म्हणाले की हे तर आपण अंकगणितातही शिकवू शकलो असतो, हौदात येणारं पाणी आणि जाणारं पाणी. रंगाचं पान मी शेवटी ठेवलं होतं.

“काळी?” त्यांनी विचारलं.

काळी, मी म्हटलं. राख आणि खडी, मधूनमधून निळं. आणि लगेच पुढे म्हटलं की पुस्तकातही पांढरीच होती, बाबा, सगळे तशीच शिकवतात.

“पुस्तकाले विचारलं नव्हतं तिनं,” बाबा म्हणाले. “मले विचारलं होतं.”

तीस वर्षांनी ते असं टेबलावर आलं, चहाच्या कपांमध्ये. बाबा माझ्या कानाकडे बघत होते.

“तुमच्या कंपनीत नाही जुळलं तं खाली काय लिहिता?”

“कारण.”

“लिही मग. शिकवणाऱ्यानं पाहिली नव्हती.”

मी म्हटलं, राहू द्या ना आता, एवढ्या वर्षांनी कुणाला काय पडलंय त्याचं.

“तुले पडलं होतं,” बाबा म्हणाले. “तू मान खाली घातली होती. मले तवा चांगलं दिसत होतं.”

मी लिहिलं. सही केली, तारीख घातली. मग त्यांनी त्यांचा फोन घ्यायला सांगितला. ग्रुपवर सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात; तिथे काय चाललं आहे हे त्यांना नातीने आधीच वाचून दाखवलं होतं. ती घरात असली की कुठली गोष्ट लपून राहत नाही. त्यांनी सांगितलं ते मी अक्षरशः टाइप केलं: मी हिमनदी पाहिलेली नाही. तेव्हाही पाहिली नव्हती. मी तुम्हाला खोटं सांगितलं. आता माझ्या मुलीने पाहिली आहे. खाली त्यांचं नाव घालायला लावलं, जणू मेसेज कुणाचा आहे हे कळणार नाही.

उत्तरादाखल जोडलेले हात आले. आमच्या ग्रुपवर वाढदिवस असो की निधन, तेच येतात, न वाचताही येतात. मग बाबा विचारत राहिले, आणखी आलं का काही, आणि मी नाही म्हणत राहिले. त्यांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला. त्यांच्यासाठी माझा जीव तुटत होता आणि मला त्यांचा थोडा रागही येत होता, जुनाच.

शेवटी मागच्या बाकावरच्या त्या मुलीचा मेसेज आला. ती आता मूर्तिजापूरकडच्या एका शाळेत शिकवते, भूगोलच. तिने लिहिलं होतं: सर, मी दर वर्षी वर्गात सांगते की आमच्या सरांनी स्वतः पाहिली होती. आता मुलांना काय सांगू?

मी ते वाचून दाखवलं. बाबा खुर्चीवरून उठले. टेबलाला वळसा घालून फ्रिजशी जाऊन उभे राहिले, त्याच्या पांढऱ्या दाराकडे अर्धी पाठ करून, आणि त्यांचं वऱ्हाडी गेलं.

“लिहा,” ते म्हणाले. “आमच्या सरांनी हिमनदी पाहिली नव्हती. ती पांढरी असते असे त्यांनी चुकीचे शिकवले. तळ्याशी उतरलेली हिमनदी काळी असू शकते. स्वल्पविराम. कारण ती डोंगर घासत येते.”

प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते, मागच्या बाकांवरच्यांचं लिहून व्हावं म्हणून थांबायचे तेवढेच. फोनवर लिहायचं म्हणजे मान खाली घालावी लागते. मी एक वाक्य लिहायची आणि मान वर करून त्यांच्याकडे बघायची. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, पण मान वर आहे एवढं त्यांना कडेने दिसत असावं, कारण मी वर बघितल्याशिवाय ते पुढचं वाक्य सांगत नव्हते.